मुलांना परिच्छेद लिहायला शिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालक आणि शिक्षक लेखनाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. मुले साधारण सात ते बारा वर्षांची धरली आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. क्रमाने वाचायची गरज नाही. प्रश्न ६ आणि ७ मात्र चुकवू नका, बाकीच्या बऱ्याच अडचणींचे मूळ तिथे सापडते.

१. परिच्छेद म्हणजे काय, हे आठ वर्षांच्या मुलाला कोणत्या शब्दांत सांगू?

"एका गोष्टीबद्दल एका दमात जे सांगायचं ते." सुरुवातीला एवढे पुरते. व्याख्या पाठ करून घेऊ नका, मुलाच्या हाताला काम द्या. कागदाच्या पाच पट्ट्यांवर पाच वाक्ये लिहा. मांजर उंचावरून पडताना हवेतच अंग कसे वळवते आणि पायांवर कसे उतरते, हे चार पट्ट्यांवर येऊ द्या. पाचवीवर लिहा, "मांजराचे डोळे अंधारात चमकतात." मग विचारा, यातली कोणती पट्टी बाहेर काढशील?

बरीच मुले आधी गोंधळतात, कारण पाचही वाक्ये मांजराबद्दल आहेत आणि पाचही खरी आहेत. शिकवायचे आहे ते नेमके इथेच. वाक्य खरे असणे आणि ते या परिच्छेदातले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या वर्गात यासाठी एक वाक्य रुळले आहे: "खरं आहे, पण इथलं नाही." मुले ते एकमेकांना आनंदाने ऐकवतात. बाहेर काढलेली पट्टी टाकून देऊ नका, बाजूला जपून ठेवा. तिच्यातूनच पुढचा परिच्छेद सुरू होतो.

२. किती वर्षांचे झाल्यावर सुरू करावे?

वयापेक्षा दोन खुणा पाहा. आपले वाक्य कुठे संपले हे मुलाला कळते का? आणि एका विषयावर तीन-चार वाक्ये ते न थांबता बोलू शकते का? दोन्ही जमत असेल तर सातव्या वर्षीही सुरुवात करता येते. जमत नसेल तर दहाव्या वर्षीसुद्धा आधी वाक्यावरच काम करावे लागेल, आणि त्यात कमीपणा काही नाही. बोलण्याची तयारी मात्र पाचव्या वर्षापासून चालू ठेवा. "आज काय झालं?" असे विचारण्याऐवजी "आज कशाची सगळ्यात मजा आली, आणि का?" असे विचारा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा परिच्छेदाच्या आकाराचेच येते.

३. मुलगा वही उघडतो आणि म्हणतो, "काय लिहू? काही सुचतच नाही." काय करू?

आधी विषय पाहा. "माझा आवडता प्राणी" हा विषय लहान दिसतो, पण मुलासाठी तो अफाट असतो. कुठून शिरायचे तेच कळत नाही. मग प्राण्याला चार पाय असतात, दोन डोळे असतात, अशी मोजणी सुरू होते. विषय अरुंद करा. "आपला कुत्रा दारावरची बेल वाजली की काय करतो?" यावर मूल लगेच बोलू लागते.

दुसरे, लिहिण्याआधी बोलू द्या. कार्ल बेरायटर आणि मार्लीन स्कार्डामालिया या संशोधकांनी १९८७ मध्ये नवख्या लेखकांची एक पद्धत मांडली. विषय ऐकून जे पहिले आठवेल ते लिहायचे, त्यावरून जे आठवेल ते पुढे लिहायचे, आणि आठवायचे थांबले की लेखनही थांबते. वाचणाऱ्याला काय हवे याचा विचार मध्ये येतच नाही. समोर ऐकणारे माणूस असले की हे बदलते. ऐकणारा भुवया उंचावतो, मध्येच थांबवतो, प्रश्न विचारतो, आणि मुलाला आपल्या सांगण्यातली भोके दिसतात. म्हणून पाच मिनिटे तोंडी, मग दहा मिनिटे लेखी, हा क्रम मी कधी सोडत नाही.

४. एका परिच्छेदात किती वाक्ये हवीत? आमच्याकडे "किमान पाच" असा नियम आहे.

अगदी सुरुवातीला "चार ते सहा" असा अंदाज देणे सोयीचे असते. मुलाला आपण कुठवर जायचे ते दिसते. पण तो नियम झाला की मूल पाचवे वाक्य भरून काढते, आणि भरलेले वाक्य लगेच ओळखू येते: "मला हा प्राणी खूप खूप आवडतो." मोजायचेच असेल तर प्रश्न मोजा. वाचणाऱ्याचे किती प्रश्न या परिच्छेदाने सोडवले? (प्रश्न ६.) एका वाक्याचा परिच्छेद चालतो का, ते प्रश्न १२ मध्ये आहे.

५. विषयवाक्य पहिलेच असले पाहिजे का? पुस्तकांत तर तसे दिसत नाही.

तुमचे निरीक्षण बरोबर आहे. परिच्छेदाचे पहिले वाक्य विषय सांगणारे असावे, हा नियम स्कॉटिश अभ्यासक अलेक्झांडर बेन यांनी १८६६ मध्ये पाठ्यपुस्तकासाठी मांडला. पहिले वाक्य निव्वळ प्रस्तावनेचे असेल तर अपवाद, हेही त्यांनी तिथेच सांगितले होते. पुढे शाळांमध्ये नियम उरला आणि अपवाद गळून पडला. १९७४ मध्ये रिचर्ड ब्रॅडॉक यांनी मासिकांत लिहिणाऱ्या व्यावसायिक लेखकांचे लेख घेऊन परिच्छेद मोजले. विषयवाक्याने सुरू होणारे परिच्छेद १३ टक्के निघाले.

तरीही लहान मुलांना मी ते वाक्य पहिलेच लिहायला लावते. त्याचा पहिला उपयोग लिहिणाऱ्याला होतो. ते डोळ्यांसमोर असले की प्रत्येक पुढच्या वाक्याला "तू इथलं आहेस का?" असे विचारता येते. परिच्छेद पुरा झाल्यावर ते वाक्य हलवायची मोकळीक द्या. शेवटी नेऊन पाहा, मध्ये ठेवून पाहा, काढून टाकले तरी अर्थ लागतो का ते पाहा. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना हा खेळ फार आवडतो. विषयवाक्य सरकवले तर इतर वाक्यांतही थोडे बदल करावे लागतात, हे त्यांना तेव्हाच समजते.

एक सावधगिरी. "आज मी तुम्हाला मुंग्यांबद्दल सांगणार आहे" हे विषयवाक्य नव्हे, ती घोषणा आहे. विषयवाक्यात मुंग्यांबद्दल काहीतरी म्हटलेले असले पाहिजे.

६. मुलगी पहिले वाक्य छान लिहिते, पण पुढे तेच तेच वेगळ्या शब्दांत उगाळते. परिच्छेद वाढतो, पण पुढे सरकत नाही.

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. याचे उत्तर हाती लागले की रचनेचे निम्मे काम होते, असे मला अनुभवावरून वाटते.

आपण मुलांना "अजून लिही", "सविस्तर लिही" असे म्हणतो. सविस्तर म्हणजे काय करायचे, हे त्यांना कुणी दाखवलेले नसते. म्हणून ती आहे तेच ताणतात. त्याऐवजी ऐकणाऱ्याच्या तोंडी सहज येणारे चार प्रश्न त्यांना द्या: म्हणजे? का बरं? कशावरून? मग? हे शब्द ती रोज वापरतात, वेगळे शिकवावे लागत नाहीत. प्रत्येक वाक्य लिहून झाले की शेजारच्याने, किंवा स्वतःच, यातला एक प्रश्न विचारायचा. पुढचे वाक्य म्हणजे त्याचे उत्तर.

नमुना म्हणून नऊ वर्षांच्या मुलांच्या वहीत हमखास सापडेल असा एक परिच्छेद घेऊ:

"मुंग्या खूप शिस्तीच्या असतात. त्या नेहमी रांगेत चालतात. त्या रांग कधीच मोडत नाहीत. त्यांच्याकडे खूप शिस्त असते. आपणही मुंग्यांसारखे शिस्तीत राहिले पाहिजे."

यात चूक एकही नाही. पण पहिल्या वाक्यानंतर वाचणाऱ्याला नवे काही मिळालेले नाही. आता पहिल्या दोन वाक्यांनाच प्रश्न लावू. रांगेत चालतात, का बरं? मूल म्हणते, "माहीत नाही." उत्तम, इथे थांबा आणि शोधा. पुष्कळदा रचना ढासळते ती माहिती अपुरी असल्यामुळे, आणि आपण मात्र भाषेला दोष देत बसतो. माहिती शोधल्यावर त्याच विषयाचा परिच्छेद असा होऊ शकतो:

"बऱ्याच मुंग्या वासावरून वाट शोधतात. अन्न सापडलेली मुंगी वारुळाकडे परतताना जमिनीवर वासाचा माग सोडत जाते. मागून येणाऱ्या मुंग्या तोच वास घेत त्याच वाटेने जातात, म्हणून आपल्याला त्यांची रांग दिसते. मी एकदा रांगेच्या मधली जागा बोटाने पुसली. तेव्हा दोन्ही बाजूंच्या मुंग्या तिथे येऊन थांबल्या आणि इकडेतिकडे फिरू लागल्या."

दुसरे वाक्य "म्हणजे?"चे उत्तर आहे, तिसरे "मग?"चे, आणि शेवटची दोन मिळून "कशावरून?"चे. हे मुलांना वहीच्या समासात लिहायला लावा: प्रत्येक वाक्याशेजारी ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे ते. ज्या वाक्याशेजारी काहीच लिहिता येत नाही, ते बहुधा उगाळलेले असते किंवा "इथलं नाही" अशा जातीचे असते.

चारही प्रश्न प्रत्येक परिच्छेदात आलेच पाहिजेत असा आग्रह धरू नका. तसे केले तर हाही एक साचाच होतो (प्रश्न ९).

७. वाक्ये एकामागून एक येतात, पण सुटी सुटी वाटतात. "परंतु, म्हणून, तसेच" अशी यादी पाठ करून घेऊ का?

यादी भिंतीवर असू द्या, पाठ करून घेऊ नका. पाठ केलेले जोडशब्द मुले मीठ टाकल्यासारखे सगळीकडे भुरभुरतात, आणि जिथे कारण नाही तिथेही "म्हणून" येते. नाते आधी समजले पाहिजे, शब्द नंतर येतो. दोन वाक्ये द्या आणि मधली जागा रिकामी ठेवा: "पाऊस जोरात होता. ___ आम्ही खेळायला गेलो." इथे "म्हणून" घातले तर गोष्ट एका मुलाची होते, "तरीही" घातले तर दुसऱ्याच. कोणता शब्द बरोबर, ते काय घडले यावर ठरते. हा सराव दोन आठवडे केला तरी फरक दिसतो.

जोडशब्द हा वाक्ये सांधायचा एकच मार्ग नाही. मराठीकडे त्याहून बारीक साधने आहेत आणि ती शिकवायची राहून जातात.

पहिले साधन म्हणजे "मात्र, तर, ही, सुद्धा, च" असे शब्द. "कासव जमिनीवर हळू चालते. पाण्यात मात्र ते चपळ असते." इथे "मात्र" वाक्याच्या तोंडाशी आलेला नाही, "पाण्यात"च्या मागे उभा आहे, आणि दोन वाक्ये घट्ट बांधली गेली. "परंतु ते पाण्यात चपळ असते" यापेक्षा मला हे जास्त मराठी वाटते.

दुसरे म्हणजे शब्दांचा क्रम. ओळखीचे आधी आणि नवे क्रियापदाच्या अलीकडे, अशी आपल्या वाक्याची चाल असते. "ताईने मला सायकल शिकवली" आणि "सायकल मला ताईने शिकवली" या वाक्यांतली माहिती एकच आहे. पण आधीच्या वाक्यात सायकलचा विषय चालू असेल तर दुसरेच वाक्य शोभते. मुलांना हे नियम म्हणून सांगू नका. दोन्ही वाक्ये मोठ्याने वाचा आणि "आधीच्या वाक्याला कुठलं चिकटतं?" असे विचारा. कान बरोबर उत्तर देतो.

तिसरे, कर्ता गाळणे. "कासवाची पाठ कठीण असते. धोका वाटला की मान आत ओढून घेते." प्रत्येक वाक्यात "कासव" लिहायला लावणारे शिक्षक मी पाहिले आहेत. मराठीत विषय एकदा बसला की त्याचे नाव पुन्हा घ्यावे लागत नाही. मात्र परिच्छेदात दोन पात्रे असतील तर हे महागात पडते. "राजूने समीरला त्याचे पुस्तक दिले." कुणाचे पुस्तक? "आपले पुस्तक" म्हटले की ते राजूचे. "त्याचे" म्हटले की शंका राहते, आणि त्या वेळी नाव पुन्हा लिहिणेच बरे. मुलांना असली गुंतागुंतीची वाक्ये शोधायला द्या, ती गुप्तहेरासारखी कामाला लागतात.

८. परिच्छेदाचा शेवट कसा करायचा? सगळी मुले "अशा प्रकारे..." लिहितात.

एकट्या, छोट्या परिच्छेदाला समारोपाचे वाक्य लागतेच असे नाही. पाच वाक्यांपूर्वी सांगितलेले वाचणारा विसरलेला नसतो. प्रश्न ६ मधला मुंग्यांचा परिच्छेद पाहा: निरीक्षणापाशी थांबला आहे आणि अपुरा वाटत नाही. मुलांना एक प्रयोग करू द्या. शेवटचे वाक्य हाताने झाका आणि वाचा. काही हरवले का? नसेल तर खोडा. "आपणही त्यांच्यासारखे वागले पाहिजे" हा उपदेश तर मुले आपल्याला खूश करण्यासाठी लिहितात. त्याला गुण देणे आपणच थांबवायला हवे.

९. पाच रकान्यांचा साचा (विषयवाक्य, तीन मुद्दे, समारोप) वापरावा की नाही?

वापरावा, पण तो काढून घेण्याची तारीख मनात ठरवून. १९७६ मध्ये डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी लहान मुलांना लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला मोठ्यांनी कशी मदत करावी याचा अभ्यास केला. इमारत बांधताना जशी परांची उभी करतात, तशी ती मदत, असे त्यांनी म्हटले. परांचीचे पुढे काय होते ते आपल्याला माहीत आहे. इमारत उभी राहिली की ती उतरवतात.

साचा उतरवायचा तो टप्प्याटप्प्याने. आधी पाच रकाने, मग फक्त समासातले चार प्रश्न, मग कोरा कागद. रकाने भरण्यापुरतेच मूल लिहू लागले, किंवा वर्गातल्या सगळ्यांचे परिच्छेद एकसारखे दिसू लागले, तर उशीर झाला असे समजा. ज्या मुलांना कोरा कागद पाहून धडकी भरते, त्यांना साचा जास्त दिवस लागतो. त्यांना तो लागेल तितके दिवस द्या, बाकी वर्गाच्या वेगाशी त्यांची तुलना करू नका.

१०. आधी व्याकरण पक्के करून मगच परिच्छेदाकडे वळावे ना?

नाही. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७ मध्ये चौथी ते बारावीच्या विद्यार्थ्यांवरील अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले. लेखनापासून तोडून शिकवलेल्या व्याकरणाचा लेखनाच्या दर्जावर फायदा दिसला नाही, उलट परिणाम नकारात्मक निघाला. छोटी वाक्ये जोडून एक मोठे वाक्य करण्याच्या सरावाचा मात्र चांगला फायदा दिसला.

हा सराव मराठीत सहज होतो. "मांजर भिंतीवर चढले. मांजराने उडी मारली. मांजर पळून गेले." याचे एक वाक्य करा: "भिंतीवर चढलेल्या मांजराने उडी मारली आणि ते पळून गेले", किंवा "मांजर भिंतीवर चढून, उडी मारून पळाले." दोन्हींत काय फरक वाटतो ते बोला. धातुसाधिते हा शब्दही न उच्चारता मूल ती वापरायला शिकते. नाव नंतर सांगता येते.

११. मुलगा पूर्णविरामच देत नाही. "आणि मग, आणि मग" करत पान भरतो.

बोलणे असेच असते, आणि तो बोलतो तसे लिहितो आहे. त्याला खोडसाळ किंवा निष्काळजी समजू नका. मराठीतही विरामचिन्हे तशी नवीनच, १९व्या शतकात मेजर थॉमस कँडी यांच्या खटाटोपाने ती रुळली. त्याच्या वहीतला मजकूर त्यालाच मोठ्याने वाचायला सांगा. जिथे आवाज खाली येतो तिथे टिंब द्यायचे. मग त्यातले "आणि मग" एकेक करून खोडायचे आणि खरोखर गरज आहे तिथेच ठेवायचे. सात-आठ "मग"पैकी एक-दोन उरतात. त्यांच्या जागी काही हवे असेल तर प्रश्न ७ मधले काही वापरा.

१२. नवा परिच्छेद नेमका कधी सुरू करायचा? आणि एका वाक्याचा परिच्छेद चूक आहे का?

जागा बदलली, वेळ बदलली, बोलणारा बदलला किंवा ज्या प्रश्नाचे उत्तर चालले होते तो प्रश्न बदलला, की नवी ओळ. लहान मुलांना पहिल्या तीन खुणा लवकर कळतात. चौथीला वेळ लागतो.

संवादात प्रत्येक नव्या बोलणाऱ्याला नवी ओळ मिळते, मग तो "हो" एवढेच का म्हणेना. म्हणजे संवाद लिहिताना एका शब्दाचा परिच्छेदही चालतो. इतर लेखनातही, सगळ्यांनी थबकावे असे काही घडले असेल तर एक वाक्य एकटे उभे करता येते. पण एका पानावर असे तीनदा केले की कुणी थबकत नाही. हे मी मुलांना सांगते आणि मग त्यांना ठरवू देते.

परिच्छेद दिसायला वेगळा कसा करायचा याबद्दलही विचारणा होते. पहिली ओळ थोडी आत घ्या किंवा मध्ये एक ओळ सोडा. एका लेखनात दोन्हींपैकी एकच पद्धत ठेवा. प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत यासाठी समासाजवळ ओळीखाली छोटी आडवी रेघ मारत असत. ही गोष्ट सांगितली की मुले वहीत तशी रेघ मारून पाहतात, आणि तिथे खरोखर विषय बदलतो का यावर वाद घालतात. तो वाद चालू द्या.

१३. गोष्टीतल्या परिच्छेदाला हेच सगळे लागू होते का?

अर्धेच. गोष्टीत विषयवाक्य सहसा नसते, कालक्रमच वाक्यांना बांधून ठेवतो. "मग?" हा प्रश्न तिथे राज्य करतो आणि "कशावरून?" जवळजवळ नाहीसा होतो. वर्णनात आणखी वेगळे: नजर कुठून कुठे फिरते तो क्रम. दारातून आत, वरून खाली, जवळून लांब. खोलीचे वर्णन करताना मुलाची नजर छतावरून जमिनीवर आणि पुन्हा छतावर उड्या मारत असेल, तर तिथे बोट ठेवा.

१४. तोंडी इतके सुंदर सांगतो, आणि कागदावर दोन ओळी. आळशीपणा आहे का?

बहुधा नाही. अक्षर काढणे, ऱ्हस्व-दीर्घ आठवणे, ओळ सांभाळणे यांतच त्याचे सगळे लक्ष खर्च होते आणि सांगायचे होते ते वाटेत सांडते. त्याचे बोलणे तुम्ही उतरवून घ्या, किंवा ध्वनिमुद्रित करा आणि मग दोघे मिळून कागदावर आणा. त्यावर रचनेचे काम करा: वाक्ये हलवा, खोडा, जोडा. हस्ताक्षराचा सराव वेगळ्या वेळी, थोडा थोडा. दोन्ही एकाच तासात मागू नका. पुरेशा सरावानंतरही हाच फरक वर्ष-वर्ष टिकत असेल, किंवा वाचनातही अडचण असेल, तर तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्या. ती लांबणीवर टाकू नका. मूल तोवर स्वतःला "मठ्ठ" समजायला लागते, आणि ते पुसायला फार दिवस लागतात.

१५. घरची बोली वेगळी आहे. परिच्छेदात "व्हतं", "गेलतो" येते. लगेच सुधारावे का?

पहिल्या खर्ड्यात हात लावू नका. मुलाला ज्या भाषेत नीट विचार करता येतो, त्याच भाषेत रचना उभी राहू द्या. दुसऱ्या खर्ड्यात "हे पुस्तकातल्या भाषेत कसं लिहिशील?" असे विचारा. "चूक" हा शब्द टाळा, कारण ती चूक नाही. संवादात पात्राच्या तोंडी बोली तशीच ठेवली तर परिच्छेद उजळतो, हेही दाखवा.

यालाच जोडून आणखी एक. "झालं, केलं, होतं" आणि "झाले, केले, होते" यांची सरमिसळ प्रमाण बोलणारी मुलेही करतात. परिच्छेदाच्या निवेदनात एकच रूप निवडायचे आणि शेवटपर्यंत पाळायचे, एवढे सांगितले की पुरते.

१६. शिक्षण इंग्रजीतून चालले आहे. मराठी परिच्छेद लिहिते तेव्हा तो भाषांतर केल्यासारखा वाटतो.

रचना तिला येते, ती एका भाषेतून दुसरीत आपोआप जाते, म्हणून परिच्छेद पुन्हा पहिल्यापासून शिकवू नका. अडते ते वाक्यात. मराठीत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे इंग्रजी वळणाने लांबवलेले वाक्य वाचताना श्वास अडकतो. "जो", "जे" यांनी जोडलेली लांब वाक्ये दोनात तोडायला शिकवा. आणि मोठ्याने वाचलेले मराठी तिच्या कानावर पडू द्या, रोज दहा मिनिटे. यावर दुसरा जवळचा रस्ता मला सापडलेला नाही.

१७. मोठा वर्ग आहे. प्रत्येकाचा परिच्छेद तपासायला वेळ कुठून आणू?

सगळे तपासू नका. एका वेळी एकच गोष्ट पाहा आणि ती आधी जाहीर करा: "या आठवड्यात मी फक्त 'इथलं नाही' अशी वाक्ये शोधणार आहे." शुद्धलेखनाच्या चुका त्या आठवड्यात दिसल्या तरी पुढे चला. लाल खुणांनी भरलेल्या पानावर मूल फक्त खुणा मोजते. जोड्या लावा आणि मुलांना एकमेकांचा परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगा. आपले लेखन दुसऱ्याच्या आवाजात ऐकले की लेखक स्वतःच मध्ये बोलतो, "थांब, इथे मी काहीतरी विसरलो." रोज पाच वह्या मात्र पूर्ण वाचा, आणि समासात निदान एक खरा प्रश्न लिहा. "छान" पेक्षा "मग त्या मुंग्यांना वाट परत सापडली का?" हे मुलाला जास्त दिवस लक्षात राहते.

१८. मुलगी पाठ केलेला परिच्छेद लिहिते. आता तर संगणकाकडूनही लिहून घेता येतो. हे कसे थांबवू?

विषय असा द्या, की त्याचे उत्तर फक्त तिच्याकडेच असेल. "झाडांचे महत्त्व" पाठ करता येते. "तुझ्या खिडकीतून दिसणाऱ्या झाडावर काल काय काय होतं?" हे पाठ करता येत नाही. आणि शेवटचा कागदच मागू नका, खर्डे मागा: खोडलेली वाक्ये, समासातले प्रश्न, बाहेर काढलेल्या पट्ट्या.

आयता परिच्छेद हाती आलाच असेल तर रागावण्याआधी त्याचा उपयोग करून घ्या. त्याला प्रश्न ६ मधले चार प्रश्न लावायला सांगा. "कशावरून?" ला तो बहुतेक ठिकाणी गप्प बसतो. मग तिला म्हणा, "ही जागा तू भर." तिथे ती जे वाक्य लिहील, ते तिचे असेल. पुढच्या वेळी त्याच वाक्यापासून सुरुवात करा.